गाडीचं एक्झॉस्ट आणि इनटेक: हीट इन्सुलेशन कुठे करायचं, कसं करायचं आणि कुठे हात लावायचा नाही

एक्झॉस्ट रॅपचा, म्हणजे धुराच्या पाइपाला गुंडाळायच्या उष्णतारोधक पट्टीचा, रोल हल्ली ऑनलाइन कुठेही मिळतो, आणि मागवणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यातून पॉवर हवी असते. ती अपेक्षा आधीच बाजूला ठेवा. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीत पाइपाला पट्टी गुंडाळून पडणारा फरक चालवणाऱ्याला जाणवण्याइतका नसतो. फायदा वेगळा आहे. बॉनेटखालच्या वायरी, रबरी होज, एसीचे पाइप, ब्रेक फ्लुइडची बाटली जास्त टिकतात, पायाशी येणारी धग कमी होते आणि सिग्नलला उभं असताना इंजिन स्वतःच तापवलेली हवा ओढत बसत नाही.

त्यासाठी काम या क्रमानं करावं: आधी कंपनीनं दिलेलं हीट शील्ड, मग आजूबाजूच्या नाजूक वस्तू, मग एक्झॉस्टचा पाइप आणि सगळ्यात शेवटी इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइप. लोक नेमकं उलटं करतात. आधी इनटेकच्या पाइपावर चंदेरी टेप चिकटवतात, आणि खाली मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला आणि सगळ्यात तापणारा भाग, उघडा पडलेला असतो.

धग येते कशी

पेट्रोल इंजिनात जोर लावला की एक्झॉस्ट वायूचं तापमान ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत जातं. डिझेलमध्ये ते त्याहून कमी असतं. मॅनिफोल्डचं धातू त्याच्या मागोमाग तापतं, आणि त्याची धग शेजारच्या वस्तूंपर्यंत मुख्यतः प्रारणानं पोचते. चुलीसमोर बसलं की चेहरा भाजतो, पाठ नाही, तोच प्रकार. प्रारण निरपेक्ष, म्हणजे केल्विनमधल्या, तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. ३०० अंशांचा पाइप आणि ६०० अंशांचा पाइप यांत अंश दुप्पट, पण बाहेर फेकलेली धग पाचपटीहून जास्त. म्हणून सगळ्यात तापलेला भाग झाकला की निम्मं काम होतं.

दुसरं म्हणजे प्रारण अडवायला जाड थर लागत नाही. चकचकीत पातळ पत्रा आणि त्याच्यामागे बोटभर हवेची फट पुरते. कंपनीचं हीट शील्ड तेवढंच असतं, आणि सर्व्हिसिंगमध्ये ते सहज फेकून दिलं जातं. बोल्ट गंजतो, भोक मोठं होतं, ठरावीक आरपीएमला खडखड सुरू होते. मग 'काढून टाकतो साहेब, काही होत नाही' असं म्हणून पत्रा भंगारात जातो. होतं एवढंच की दोनेक उन्हाळ्यांत एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीचं प्लास्टिक कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. तेव्हा पत्र्याची आठवण कोणालाही येत नाही.

पहिली पायरी: गार इंजिनावर टॉर्च घेऊन पाहणी

गाडी रात्रभर गार होऊ द्या. सकाळी बॉनेट उघडून आधी एक्झॉस्ट कुठल्या बाजूला आहे ते बघा. काही गाड्यांत मॅनिफोल्ड पुढे, रेडिएटरच्या मागे असतो. त्यांत फॅनची हवा त्याची धग थेट इंजिनावर ढकलते. काहींत तो मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) असतो; तिथे केबिन तापते आणि मागच्या वायरिंगला झळ बसते. गाडीच्या लांबीच्या दिशेनं इंजिन बसवलेल्या जीप-बोलेरो प्रकारच्या गाड्यांत तो एका कुशीला असतो, आणि त्याच बाजूला स्टार्टर किंवा स्टिअरिंगचा दांडा असला तर जागा फार अडचणीची असते.

मग तीन गोष्टी तपासा. हीट शील्ड जागेवर आहे का, सगळे बोल्ट आहेत का. मॅनिफोल्डच्या पॅकिंगपाशी किंवा फ्लँजच्या (बोल्टनं जोडायच्या कडेच्या) जोडावर काळी काजळी दिसते का, किंवा गार इंजिन चालू करताना तिथून फुसफुस किंवा टिकटिक ऐकू येते का. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वरून तेल झिरपतंय का. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट गळत असेल तर तेल नेमकं मॅनिफोल्डवर उतरतं. उघड्या मॅनिफोल्डवर ते बहुतेक वेळा जळून नुसता वास येतो. पट्टी गुंडाळलेल्या पाइपावर मात्र ते वातीसारखं शोषलं जातं आणि पेट घेऊ शकतं. गळती असेल तर आधी गॅस्केट बदला. त्यात तडजोड नाही.

उंदरांचंही बघा. पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बॉनेटखालचं फेल्ट कुरतडून त्याचे गोळे मॅनिफोल्डच्या कोपऱ्यात साठवायची त्यांना सवय असते. ते आधी झाडून काढा.

दुसरी पायरी: आधीचे आकडे लिहून ठेवा

मोजल्याशिवाय केलेल्या कामाचं समाधान फक्त मनाचं असतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप पुरे. त्यात 'इनटेक एअर टेंपरेचर' नावाचा आकडा दिसतो. तीन वेळा नोंद करा: हायवेवर एकसारख्या वेगात, ट्रॅफिकमध्ये दहाएक मिनिटं रांगल्यावर, आणि गरम गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू केल्यावर. दर वेळी बाहेरचं तापमानही लिहा, नाहीतर मे महिन्याचा आकडा जानेवारीच्या आकड्याशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही.

बाकीच्या भागांसाठी लोक लेझरची इन्फ्रारेड गन वापरतात. ती चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा स्टीलवर रोखली तर खोटा, कमी आकडा दाखवते. पत्रा चमकदार असला की त्याचं स्वतःचं प्रारण कमी असतं आणि गनला शेजारच्या गार वस्तूंचं प्रतिबिंब दिसतं. फॉइल लावल्यावर 'बघा, तापमान अर्ध्यावर आलं' असे जे व्हिडिओ फिरतात त्यातले बरेच याच भ्रमावर उभे आहेत. मोजायच्या जागी हाय-टेंपरेचर काळ्या रंगाचा ठिपका द्या, किंवा मल्टिमीटरला लागणारी, तापमान मोजणारी के-टाइप थर्मोकपल वायर वापरा.

तिसरी पायरी: हीट शील्ड पुन्हा बसवणं

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंजतोड तेल मारून ठेवा. सकाळी पाना लावल्यावर आधी किंचित घट्ट दिशेला, मग सैल दिशेला, असं पुढे-मागे करत काढा. एकाच दिशेनं जोर लावला की बोल्टाचं डोकं हातात येतं आणि दहा रुपयांच्या बोल्टासाठी ड्रिल आणि टॅप काढावा लागतो.

शील्डचं भोक फाटलं असेल तर पत्रा बदलायची गरज नाही. मोठ्या व्यासाचे स्टेनलेसचे दोन वॉशर, एक वर आणि एक खाली, लावून तोच पत्रा घट्ट बसतो, खडखडही जाते. मूळ शील्ड हरवलंच असेल तर आधी भंगार बाजारात त्याच मॉडेलचं मिळतं का ते विचारा. पुण्यात नाना पेठेत अशा बारीकसारीक गोष्टींची चौकशी करता येते. नाहीच मिळालं तर पत्र्याचं काम करणाऱ्याकडून पातळ स्टेनलेस पत्र्याचं करून घ्या. तापलेल्या भागापासून दहा ते पंधरा मिलिमीटर फट हवी, आणि वरची-खालची बाजू उघडी हवी, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. पत्रा मॅनिफोल्डला टेकला की तो शील्ड राहत नाही, तोही तापून तेवढीच धग फेकायला लागतो. ॲल्युमिनियमचा पत्रा फट ठेवून चालतो, पण टेकवू नका. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं.

चौथी पायरी: शेजाऱ्यांना आडोसा

साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण साधारण ८५ ते १०५ अंशांपर्यंतच सुरक्षित असतं. पाणी मुरलेल्या जुन्या डॉट ३ ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू १४० अंशांच्या आसपास उतरतो. म्हणून मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरात येणारी प्रत्येक वायर, होज आणि पाइप यांकडे एकेक करून बघा.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वायर दूर सरकवणं. क्लिप तुटून खाली लोंबणारा वायरिंगचा जुडगा पुन्हा क्लिपमध्ये बसवला की अर्धे प्रश्न सुटतात. सरकवता येत नसेल तिथे काचतंतूंची, बाहेरून ॲल्युमिनियमचा थर असलेली स्लीव्ह घाला. वेल्क्रोवाली मिळते, म्हणजे कनेक्टर सोडावे लागत नाहीत. इंधनाच्या आणि तेलाच्या होजला सिलिकॉनचं लेपन असलेली जाड फायर स्लीव्ह चांगली. स्टार्टरच्या आसपास काम असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढूनच हात घाला. सीएनजी गाडीत गॅसच्या हाय-प्रेशर नळीला किंवा तिच्या फिटिंगला स्वतः काही गुंडाळू नका. तिच्या आणि एक्झॉस्टच्या मधला कंपनीचा आडोसा जागेवर आहे एवढं पाहा, नसेल तर किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्राकडे जा.

पाचवी पायरी: पाइपाला पट्टी

बऱ्याच गाड्यांचं काम चौथ्या पायरीलाच संपतं. त्यानंतरही केबिनच्या तळाला किंवा एखाद्या भागाला झळ लागत असेल तरच पट्टीकडे वळा. पट्टी धग आत कोंडते, म्हणजे पाइपाचं धातू आधीपेक्षा जास्त तापतं. जाड स्टेनलेसला ते सोसतं. बिडाच्या मॅनिफोल्डला तडे जाऊ शकतात, आणि स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेला पातळ साध्या लोखंडाचा हेडर (मॅनिफोल्डऐवजी बसवलेले पाइप) पट्टीखाली पापुद्रे सुटून सडतो. त्यात पावसाळ्यात पट्टी पाणी धरून ठेवते. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत गाडी असेल तर मी साध्या लोखंडी पाइपाला पट्टी सुचवणार नाही. तिथे सिरॅमिक कोटिंग करून घ्यावं: पाइप सँडब्लास्ट करून, लेप देऊन भट्टीत भाजतात. खर्च जास्त, पण पाणी धरायला जागाच नाही.

पट्टी घेताना नावापेक्षा धागा बघा. साध्या काचतंतूंची पट्टी साधारण ५५० अंशांपर्यंत ठीक, म्हणजे मॅनिफोल्डच्या पुढच्या पाइपाला (डाउनपाइपला) आणि त्यापुढे. 'टायटॅनियम' किंवा 'लाव्हा' म्हणून विकली जाणारी पट्टी बहुतेक बसाल्टच्या तंतूंची असते, ती जास्त तापमान सोसते. जुन्या दुकानांतून कोणी ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पट्टी पुढे केली तर घेऊ नका. तिचे तंतू फुप्फुसात जातात आणि कॅन्सर करतात.

किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. ५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचा परीघ १५७, पट्टीची जाडी धरून १६५ धरा. ५० मिलिमीटर रुंद पट्टीचा १२ मिलिमीटर भाग आधीच्या फेऱ्यावर चढवायचा, म्हणजे एका फेऱ्यात ३८ मिलिमीटर पुढे. एक मीटर पाइपाला २६-२७ फेरे, म्हणजे जवळपास साडेचार मीटर पट्टी. दहा मीटरच्या रोलमध्ये दोन मीटरच्या आसपास पाइप होतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी रॅम्पवर असेल तर उत्तम, नसेल तर पक्क्या स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि एन ९५ मास्क घाला. काचतंतू अंगाला लागले की दोन दिवस खाज जात नाही. शक्य असेल तर पाइप काढून टेबलावरच गुंडाळा. वायर ब्रशनं गंज खरवडा, तेल-ग्रीस पुसून काढा, आणि साधं लोखंड असेल तर हाय-टेंपरेचर रंगाचे दोन हात देऊन वाळू द्या.

काचतंतूंची पट्टी बादलीत भिजवून, पिळून घ्या. धूळ कमी उडते आणि वाळताना ती आवळते. बसाल्टची बहुधा कोरडीच लावतात, पाकिटावर काय लिहिलंय ते बघा.

सुरुवात सायलेन्सरच्या बाजूनं करा आणि इंजिनाकडे जा. कौलं शाकारताना खालून वर जातात, म्हणजे वरच्या कौलाची कड खालच्यावर येते आणि पाणी आत शिरत नाही, इथेही तेच. उलट गुंडाळली तर रस्त्यावरचं पाणी आणि खडे प्रत्येक कडेखाली घुसतात. पहिला फेरा स्वतःवरच पूर्ण चढवा, त्यावर स्टेनलेसचा टाय आवळा, मग तिरकी चढण सुरू करा. पट्टी सतत ताणात हवी. एका हातानं ओढ, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बसवलेला फेरा दाबून धरा. अंगठा सोडला की सैल पडलाच म्हणून समजा. वळणावर आतल्या बाजूला थर जास्त चढतात आणि बाहेरच्या बाजूला फट पडू बघते. बाहेरच्या बाजूला निदान ६ मिलिमीटर चढ राहील अशा बेतानं पट्टी फिरवा. पाइप दिसायला लागला तर दोन फेरे उलगडून पुन्हा घ्या, वरून ठिगळ लावू नका.

साधारण दर वीतभर अंतरावर आणि दोन्ही टोकांना टाय. ते स्टेनलेसचेच हवेत. जस्ताचा मुलामा असलेली तार स्वस्त पडते, पण जस्त ४२० अंशांना वितळतं, आणि तापलेल्या जस्ताचा धूर घातक असतो. टायची कापलेली टोकं ब्लेडसारखी असतात. ती आत वळवा, नाहीतर पुढच्या वेळी गाडीखाली शिरणाऱ्या मेकॅनिकचं मनगट फाटेल.

पट्टी कुठे लावायची नाही हे तेवढंच महत्त्वाचं. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला आणि डिझेलच्या डीपीएफला (काजळीच्या फिल्टरला) नाही. डीपीएफ स्वतःची काजळी जाळताना आत ६०० अंशांच्या आसपास जातो, त्याला कंपनीनं दिलेलं आवरणच बरोबर आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या भोवती बोटभर जागा मोकळी सोडा. लवचिक बेलो, रबरी हँगर, फ्लँजचे नट-बोल्ट उघडे ठेवा. टर्बोला ब्लँकेट घालायचं असेल तर फक्त एक्झॉस्टच्या बाजूच्या बिडाच्या घराला. मधल्या बेअरिंगच्या भागाला आणि ॲल्युमिनियमच्या कंप्रेसरला कधीच नाही, बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतो. ब्लँकेट घातलेली गाडी घाट चढून आल्या-आल्या बंद करू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा.

हे काम करायचं म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा सायलेन्सर बदलायचा मोह होतो. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि पीयूसी दोन्ही आडवे येतात. गाडी वॉरंटीत असेल तर पट्टीसाठीसुद्धा आधी सर्व्हिस सेंटरला विचारलेलं बरं.

पहिली तापवणी

पट्टीतला चिकट थर जळतो, धूर येतो, वास येतो. हे बंद गॅरेजमध्ये करू नका. मोकळ्यावर दहा मिनिटं आयडल, मग गार. पुन्हा थोडी चालवून गार. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. धूर दोन-तीन वेळांत थांबायला हवा. थांबला नाही किंवा जळक्या तेलाचा वास राहिला तर गळती आहे. गार झाल्यावर टाय पुन्हा आवळा. पट्टी वाळून बसल्यावर ते हमखास ढिले होतात.

इनटेक: कमी कामात जास्त फरक

३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली की तिची घनता नऊ टक्क्यांनी घटते. शिवाय हवा तापल्याचं सेन्सरनं सांगितलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नॉकिंगच्या, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याच्या, भीतीनं ठिणगीचं टायमिंग मागे घेतं. म्हणून चंद्रपूरच्या उन्हाळ्यात गाडी मंद वाटते ती नुसती भावना नाही. पण पाइप गुंडाळून यातलं किती वाचतं?

१.२ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला साधारण २४ लिटर हवा ओढतं. ६० मिलिमीटरच्या अर्धा मीटर पाइपातून ती सेकंदाच्या साधारण सतराव्या हिश्शात निघून जाते, तापायला वेळच नाही. आयडलला तीच हवा अर्ध्या सेकंदाहून जास्त रेंगाळते. म्हणजे इनटेकवरच्या आवरणाचा फायदा हायवेवर जवळपास शून्य, ट्रॅफिकमध्ये आणि गरम गाडी पुन्हा चालू करताना थोडा. त्यातून आजच्या बहुतेक गाड्यांचा इनटेक मॅनिफोल्ड नायलॉनचा असतो, आणि ते मुळातच उष्णतेचं मंद वाहक आहे. त्यावर सोनेरी टेप लावणं म्हणजे शोभा.

हवा कुठून घेतली जाते याला जास्त महत्त्व आहे. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा लागतात का, झाकणाचं रबर सपाट झालंय का, ग्रिलपाशी येणारा स्नॉर्कल (हवा घेणारा नळ) निखळून इंजिनाची गरम हवा तर ओढत नाही ना, हे बघा. निखळलेला स्नॉर्कल जागेवर बसवणं फुकट आहे आणि ट्रॅफिकमधल्या आकड्यात त्यानं पडणारा फरक कुठल्याही टेपपेक्षा जास्त. डबा मॅनिफोल्डजवळ असेल तर त्या एका बाजूला फट ठेवून छोटा चकचकीत पत्रा उभा करा. उघडा कोन फिल्टर मात्र बॉनेटखाली लावू नका; तो आवाज छान करतो आणि हवा गरम घेतो. थंड हवेच्या हौसेपायी तोंड बंपरच्या खाली नेलं तर पहिल्या मोठ्या पावसात इंजिन पाणी पिईल.

टर्बो गाडीत एक गंमत आहे. टर्बोतून दाबून निघालेली हवा शंभराच्या वर तापलेली असते. टर्बो ते इंटरकूलर (ती हवा गार करणारा रेडिएटर) हा पाइप गुंडाळू नका. तिथे जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढी बरी. इंटरकूलर ते इंजिन हा गार पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर त्यालाच आवरण द्या.

जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांचा हिशोब निराळा. प्रीमियर पद्मिनी घाटात अडली की फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे ते याच धगीमुळे: नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. अशी गाडी सांभाळत असाल तर कार्ब्युरेटरखालचा बेकेलाइटचा स्पेसर शाबूत ठेवा आणि पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून दूर, स्लीव्हमध्ये न्या. इनटेक मॅनिफोल्डला गरम पाणी खेळवणारी नळी असेल तर ती 'इंजिन गार राहील' म्हणून बंद करू नका. गार हवेत पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणूनच ती दिलेली आहे.

नंतरची देखरेख

त्याच तीन परिस्थितींत पुन्हा आकडे घ्या. हायवेचा आकडा हलला नाही तर निराश होऊ नका, ट्रॅफिकचा आणि गरम स्टार्टचा बघा. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास गाडी रॅम्पवर घेऊन पट्टीचं खालचं टोक थोडं उलगडा. पाइपावर पापुद्रे सुटलेले दिसले तर पट्टी पूर्ण काढा आणि त्या पाइपाला परत लावू नका. पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी पंधरा-वीस मिनिटं चालवून पट्टी वाळवा, ओली ठेवून आठवडाभर उभी करू नका. तेल पडलेली पट्टी पेट्रोलनं धुऊन पुन्हा वापरायची नाही. कापून, पिशवीत बांधून टाकायची आणि नवी आणण्याआधी गळती काढायची.